भंडारदऱ्याच्या वरच्या खोऱ्यातलं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि भंडारदऱ्याच्या धरणात येऊन थांबते. तेवढ्या पट्ट्याबद्दलची ही उत्तरं आहेत. माझं माहेर या खोऱ्यातलं. नोकरीच्या गावी मी कुठली हे कळलं की लोक प्रश्न विचारतात, आणि भावाच्या घरी उतरणारे पाहुणेही साधारण तेच विचारतात. बहुतेकांना धबधबे आणि काजवे ठाऊक असतात, पण इथली माणसं वर्षभर काय करतात हे ठाऊक नसतं. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर लिहिली आहेत.

हे खोरं नेमकं कुठे आहे? तिथे कोण राहतं?

अकोले तालुका, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. जिल्ह्याचा हा पार पश्चिमेचा कोपरा. घाटघरला कोकणकडा तुटतो आणि खाली ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका दिसतो. उत्तरेला कळसूबाई, अलंग, मदन, कुलंगची रांग, दक्षिणेला रतनगड आणि मध्ये धरणाचं पाणी. पाण्याच्या कडेकडेने शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल ही गावं आहेत. या सगळ्या मुलखाला आम्ही डांगाण म्हणतो.

वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची, काही वाड्या ठाकरांच्या. इंग्रज सरकार आणि सावकारांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. आमच्याकडे हे नाव लहान मुलांनाही माहीत असतं.

कसं यायचं?

मुंबईकडून कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून बारीमार्गे शेंडी. रेल्वेने आलात तर इगतपुरीला उतरा. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. राजूरपर्यंत एसटी बऱ्यापैकी मिळते, शेंडीच्या पुढे गाड्या मोजक्या. धरणाला वळसा घालणारा रस्ता सगळी गावं जोडतो, पण पावसाळ्यात दरड आली की तो अर्ध्यावरच थांबतो. पेट्रोल, औषधं आणि रोख पैसे घोटीला किंवा राजूरला घेऊन ठेवा.

कोणत्या महिन्यात यावं?

तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर ते ठरतं. उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही, कारण आमचं खोरं दर दीड-दोन महिन्यांनी रूप बदलतं, आणि तो बदल पावसाबरोबरच शेतातल्या कामानेही होतो.

चैत्र-वैशाखात डोंगर तपकिरी, गवत वाळलेलं, करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर. या दिवसांत हवेत राबाचा, म्हणजे भाताच्या रोपासाठी भाजलेल्या जमिनीचा, धूर असतो. ज्येष्ठाच्या तोंडाशी, पहिला पाऊस पडायच्या आत, काजवे येतात. मृगाचा पाऊस लागला की आठवडाभरात कातळसुद्धा हिरवा दिसायला लागतो. आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी. तेव्हा प्रत्येक खाचरात पाणी उभं असतं, पाण्यात आभाळ आणि आभाळाखाली वाकलेल्या बायका. श्रावणात धुकं इतकं दाट की समोरच्या घराचा कोपरा दिसत नाही. भाद्रपद संपता संपता सोनकी आणि तेरडा फुलतो, भात निसवायला लागतं, म्हणजे लोंब्या बाहेर येतात. कार्तिकात सोंगणी, म्हणजे कापणी.

माझं मत विचाराल तर आश्विनात या. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. पाऊस गेलेला असतो, ओढे वाहते असतात, खाचरं वरून खाली पायऱ्यांसारखी पिवळी होत जातात आणि सुवासिक भाताच्या शेताजवळून गेलं की वास येतो. गर्दीही नसते. पाहुण्यांची सगळी धाव जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारवर असते. त्या दिवसांत अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात आणि गावातल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी वाट मिळत नाही. जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी या.

उन्हाळ्यात शेतं जाळलेली दिसतात. तुम्ही जमीन का जाळता?

तो राब. पूर्ण शेत जाळत नाहीत, फक्त जिथे भाताचं रोप तयार करायचं तेवढाच तुकडा भाजतात. भाजणं हाच आमचा शब्द.

माघ-फाल्गुनापासून तयारी सुरू होते. आधी शेणाचा थर, त्यावर झाडांचे टहाळे, मग पालापाचोळा आणि गवत, सगळ्यांत वर बारीक माती. माती अशासाठी की आग भडकू नये, आतल्या आत धुमसत राहावी. वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, सावकाश सरकते. वाऱ्याचा अंदाज घेणं हे घरातल्या जाणत्या माणसाचं काम असतं.

यामुळे तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते, जमीन भुसभुशीत होते. पावसाळ्याच्या तोंडाशी पेरलेलं भात तिथे जोमाने उगवतं आणि आवणीच्या वेळी रोप मुळं न तुटता अलगद उपटता येतं. आमच्याकडे आवणीला दिवस मोजके मिळतात. रोप कमजोर निघालं तर मुसळधार पावसात टिकत नाही.

राबाची दुसरी बाजूही मला दिसते. टहाळ्यांसाठी झाडं दरवर्षी छाटली जातात. पूर्वी शेंडा राखून छाटायची शिस्त होती, ती सगळीकडे पाळली जातेच असं नाही. कृषी खातं गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, न भाजता रोप करायला सांगतं. माझा भाऊ आता काही रोप गादीवाफ्यावर करतो आणि काही राबावर. गादीवाफ्यावर तण जास्त येतं आणि ते काढायला बायकांचे हात लागतात, हे त्याला आईने सांगितलं. म्हणून राब बंद करा असं एका वाक्यात सांगणाऱ्याने निंदणी कोण करणार हेही सांगावं, असं मला वाटतं.

आवणी पाहायला किंवा करायला येता येईल का?

येता येईल. घरच्यांना आधी विचारा आणि आलात तर सकाळपासून या.

आवणीचा दिवस असा असतो: पहाटे रोप उपटून जुड्या बांधायच्या. तोवर बैलांनी किंवा आता पॉवर टिलरने चिखलणी झालेली असते. खाचराचा बांध कुठे गळत असेल तर चिखलाने लिंपून घ्यायचा. मग बायका ओळीने उभ्या राहतात आणि मागे सरकत सरकत रोपं लावत जातात. डोक्यावर पाऊस कोसळत असतो. पूर्वी पाठीवर बांबू आणि पानांचं इरलं असायचं, आता बहुतेकींच्या अंगावर प्लास्टिकची खोळ असते. इरलं जड असलं तरी त्याच्याखाली वाकलेल्या माणसाची पाठ कोरडी राहायची. खोळीत आतून घाम आणि बाहेरून पाऊस.

एका घराची आवणी एकट्याने उरकत नाही, म्हणून सावड असते. आज पाच घरच्या बायका आमच्याकडे, उद्या आमची आई त्यांच्याकडे. पैशांचा व्यवहार नाही, पण हिशेब चोख. कोणाकडे किती दिवस गेलं ते प्रत्येकीच्या डोक्यात असतं आणि आजारी पडलेल्या बाईचे दिवस तिची सून किंवा मुलगी फेडते. जेवण ज्याच्या शेतात काम त्याच्याकडे. लावताना गाणी म्हणतात. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. पाऊस वाढला की आवाजही वाढतो.

दिवसभर चिखलात राहून पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, त्वचा पांढरी पडून सोलते. रात्री चुलीजवळ पाय शेकतात आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरतात. तुम्ही तासभर उतरलात तर मजा वाटेल, आणि वाटावी. फक्त लावलेल्या रोपांवर पाय देऊ नका. बांधावरून चाला, आणि बांधाची कड मोडू नका. एक बांध फुटला की खालच्या दोन खाचरांचं पाणी आणि रोप दोन्ही जातं.

कुटुंबात कोण काय करतं?

नांगरट, चिखलणी, बांधबंदिस्ती, लाकूडफाटा आणि बाजार पुरुषांकडे. आवणी, निंदणी, पाणी, स्वयंपाक, कोंबड्या आणि बियाणं बायकांकडे. सोंगणी आणि झोडणी दोघांची. गुरं राखणं पूर्वी मुलांचं होतं. आता मुलं शाळेत जातात, म्हणून ते म्हाताऱ्यांकडे आलं आहे.

यातलं बियाण्याचं काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. सोंगणीच्या आधी आजी शेतातून फिरून चांगली लोंबी निवडायची, वेगळी काढायची, वाळवायची आणि राखेत घालून ठेवायची. कोणतं भात कोणत्या खाचराला मानवतं हे तिला पाठ होतं. काळभात, कोळपी, जिरवेल, आंबेमोहर अशी कितीतरी वाणं बायकांच्या अशा निवडीवर टिकून राहिली. आता इंद्रायणी सगळीकडे दिसते, कारण तिला बाजार आहे. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं जमवून जपलं आणि वाढवलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या आईला स्वतःचाच सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं, आणि तिचं बरोबरच होतं.

एवढं असूनही सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचित असतं. पत्नीचं नाव लावण्यासाठी शासनाची लक्ष्मीमुक्ती योजना आहे, तिचा उपयोग गावोगाव व्हायला हवा.

घरं कशी असतात?

जुनं घर कौलारू, भिंती कारवीच्या कुडाच्या, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेल्या. पुढे पडवी, आत एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला चूल. गुरं घरातच, कारण आषाढातल्या पावसात त्यांना बाहेर ठेवता येत नाही, आणि त्यांच्या उबेने घरही गरम राहतं. वर माळा. माळ्यावर लाकडं, कांदे-लसूण आणि बियाण्याची गाठोडी. चुलीचा धूर तिथून जातो, त्यामुळे कीड लागत नाही. भात बांबूच्या कणगीत.

पावसाळ्याच्या आधी सरपण भरणं, कौलं शाकारणं आणि पावसाच्या बाजूची भिंत गवताने झाकून घेणं ही तीन कामं उरकली नाहीत तर पुढचे चार महिने हाल होतात. आता सिमेंटची आणि पत्र्याची घरं वाढली आहेत. ती टिकाऊ आहेत, दरवर्षी डागडुजी लागत नाही. पत्र्यावर जुलैचा पाऊस वाजायला लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही, एवढाच त्रास.

जेवायला काय मिळेल?

नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, भात, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि जी भाजी त्या दिवसांत रानात असेल ती. पावसाळ्यात भारंगी, कुर्डू, चाईचा मोहर, तेऱ्याच्या पानांची भाजी, रुखाळूच्या वड्या. पहिल्या पावसाच्या गडगडाटानंतर आळंबी. शेतातले आणि ओढ्यातले खेकडे, त्यांचं कालवण भाताबरोबर. पावसाळ्याच्या बेगमीला सुकट-बोंबील. उपासाला वरईचा भात.

रानभाज्या स्वतः तोडून आणू नका. चाई आणि तिच्यासारखे दिसणारे दुसरे वेल, खायची आळंबी आणि विषारी आळंबी, यांतला फरक आमच्या बायकांना हाताला कळतो. तेऱ्याला तर आंबट घातल्याशिवाय घसा खाजतो. जेवण सांगायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, आणि ताटात टाकू नका.

एवढा पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात पाण्याचे हाल का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो विचारणाऱ्याचे मी मनापासून आभार मानते.

घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिथे जेवढं पाणी पडतं त्याच्या दहाव्या हिश्शासाठी जिल्ह्याचा पूर्व भाग आसुसलेला असतो. पण आमची जमीन म्हणजे काळा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. उतार तीव्र. पाणी मुरायला जागाच नाही, पडलं की ओढ्याने धावत धरणात. कातळाच्या भेगांत जे थोडं साठतं त्यावर झरे माघ-फाल्गुनापर्यंत वाहतात. मग वरच्या वाड्यांमधल्या बायका झिऱ्यावर, म्हणजे पाझरत्या खड्ड्यापाशी, बसतात आणि वाटीने पाणी हंड्यात भरतात. हंडा भरायला किती वेळ लागेल हे झिऱ्याच्या मर्जीवर.

आणि हे सगळं धरण डोळ्यांसमोर दिसत असताना.

भंडारदऱ्याचं धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने त्याला विल्सन धरण म्हणतात. दगडी भिंत, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी म्हणजे ११ अब्ज घनफुटांच्या आसपास. हे पाणी नदीतून खाली जातं, संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळतं आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडची शेती भिजवतं. तिकडचा ऊस आणि साखर कारखानदारी या पाण्यावर उभी राहिली. खोऱ्याच्या तळाची सपाट जमीन पाण्याखाली गेली, माणसं वर सरकली, आणि पाणी उचलून वर आणायचं तर मोटार, पाइप आणि वीज हवी.

घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा कड्याखालचं पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज बनवतात. पाणी शेकडो मीटर वर चढवण्याचं तंत्र आमच्याच गावात आहे. वाडीच्या टाकीपर्यंत ते चढवणं अशक्य नाही हे त्यावरून कळतं. खालच्या शेतकऱ्याबद्दल मनात काही नाही, त्यालाही पाणी हवंच आहे. ज्या डोंगरावर ते पडतं त्या डोंगरावरच्या बाईला आधी प्यायला मिळावं, एवढी साधी मागणी आहे.

तुमच्यासाठी यातून एक गोष्ट: एप्रिल-मे महिन्यात घरात उतरलात तर आंघोळीला एक बादली मिळेल. ती कोणीतरी डोक्यावरून आणलेली असते.

काजवे कधी आणि कसे पाहावेत?

साधारण मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात. एका फांदीपासून सुरुवात होते, मग आख्खं झाड एकाच लयीत उजळतं आणि विझतं, शेजारचं झाड त्याला उत्तर दिल्यासारखं उजळतं. मी लहानपणापासून पाहते आहे, अजून डोळे हटत नाहीत.

हा उजेड म्हणजे त्यांचं जोडीदाराला बोलावणं. नर चमकत उडतात, मादी बहुतेकदा खाली गवतावर किंवा पानांवर बसून उत्तर देते. तुमच्या गाडीचा दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च मध्ये आला की ही बोलणी तुटतात. झाडाखाली गवतात शिरलात तर मादी पायाखाली जाते. काजव्यांच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात, गोगलगायींवर जगतात, त्यामुळे तुडवून घट्ट झालेली जमीनही त्यांच्या कामाची राहत नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्या आठवड्यांचं, त्यात चार-पाच शनिवार गर्दीचे गेले तर पुढच्या वर्षीच्या काजव्यांचं काय होईल याचा विचार करा.

म्हणून: गाडी लांब लावा, दिवे बंद करा, रस्त्यावरूनच पाहा, फ्लॅश नको, स्पीकर नको, काजवा बाटलीत भरणं तर नकोच. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ते १९८६ साली जाहीर झालं. वनखातं त्या दिवसांत वेळेची मर्यादा आणि प्रवेशाचे नियम लावतं. ते पाळा, आणि नाक्यावर पावती घ्या.

कळसूबाईवर जाता येईल का? तिथलं देऊळ कोणाचं?

१,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. नेहमीची वाट बारी गावातून, अवघड जागी लोखंडी शिड्या. आमच्यासाठी ती देवी आहे. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतले लोक चढतात, म्हाताऱ्या बायकासुद्धा अनवाणी.

गोष्ट अशी सांगतात की कळसू ही कोळ्याची पोर. रानात फिरायची तिला ओढ. डोंगराखालच्या एका घरी ती कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एक दिवस घरी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने घासली, आणि डोंगर चढून गेली ती परत आली नाही. तिने जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. दिलेला शब्द मोडला म्हणून निघून गेलेल्या मुलीला आमच्या लोकांनी सर्वांत उंच जागी बसवलं, याचा मला अभिमान आहे.

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली गुरं कुठली?

डांगी. काहींच्या अंगावर लाल ठिपके असतात. कातडी तेलकट, त्यामुळे अंगावर पाणी ठरत नाही, आणि खूर टणक. चार महिने पावसात आणि चिखलात दुसरं जनावर आजारी पडेल, डांगी बैल चिखलणी ओढतो. दूध बेताचं. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन आणि बाजार भरतो, तो अवश्य पाहा.

दिवाळीच्या तोंडाशी आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस असते. गावातले गुराखी आणि घरोघरचे लोक वाघोबाच्या ठाण्यावर जातात, नैवेद्य दाखवतात आणि गुरांना सांभाळ म्हणून विनवतात. वाघाला शत्रू न मानता त्याच्याशी बोलून घ्यायची ही रीत.

बिबट्या, साप यांची भीती आहे का?

बिबट्या आहे, सहसा दिसत नाही. रात्री एकट्याने रानवाटेने जाऊ नका. साप मात्र पावसाळ्यात जपून: घोणस, फुरसं, मण्यार सगळे आहेत. बूट घाला, बॅटरी ठेवा, दगडाच्या फटीत हात घालू नका. साप चावला तर मांत्रिक किंवा घरगुती उपाय यांत वेळ घालवू नका, १०८ला फोन करा आणि राजूर गाठा. नशीब चांगलं असेल तर उंच झाडावर शेकरू दिसेल.

मुलांच्या शाळेचं काय?

गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पुढे आश्रमशाळा किंवा राजूर, अकोले. लहान वयात मुलं घर सोडून वसतिगृहात राहतात. आश्रमशाळांमुळे आमची पहिली शिकलेली पिढी उभी राहिली, मीही त्यातलीच. तरी दहा वर्षांच्या पोरीला सोडून परत निघालेली आई एसटीत पदराने डोळे पुसते, तेही पाहिलं आहे.

तरुण माणसं गावात दिसत नाहीत, कुठे जातात?

सोंगणी झाली की शेतात काम नसतं. पाणी नाही म्हणून दुसरं पीक नाही. मग नारायणगाव, घोटी, नाशिकच्या बाजूला भाजीपाल्याच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांवर मजुरीला जातात, होळीच्या सुमारास परततात. आता तंबू, घरगुती राहण्या-जेवणाची सोय, गडावर वाट दाखवणं यांतून काही पोरांना इथेच काम मिळतं. म्हणून बाहेरच्या मोठ्या ठेकेदाराच्या तंबूत राहण्यापेक्षा गावातल्या घरी उतरा. रतनगडाच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकापर्यंत, किंवा साम्रदजवळच्या अरुंद सांदण दरीत गावचाच वाटाड्या घ्या. सांदणीत पाऊस असताना उतरायचंच नाही. तो नको म्हणाला तर ऐका, वर पडलेल्या पावसाचा लोंढा खाली किती वेळात येतो हे त्याला माहीत असतं.

इथे जमीन विकत मिळेल का?

नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, विक्रीला त्याआधी शासनाची मान्यताही. कोणी मध्यस्थ 'सगळं करून देतो' म्हणाला तर त्याच्यापासून दूर राहा. हा कायदा आहे म्हणून आमच्या हातात खाचरं उरली आहेत.

लोकांचे फोटो काढलेले चालतात का?

विचारून. पाण्यावर, ओढ्यावर बायका असतील तिथे कॅमेरा काढू नका. ड्रोन उडवू नका.

परत जाताना गावातून काय घ्यावं?

तांदूळ आणि नागली. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी किंवा शेंडीच्या बाजारात बायका विकायला बसतात, पण ज्या घरी उतरलात तिथेच विचारा. सोंगणी-झोडणीनंतर, मार्गशीर्षापासून, नवा तांदूळ मिळतो. काळभात मिळाला तर आवर्जून घ्या. दाणा बारीक, शिजताना घरभर वास येतो. शहरातल्या दुकानापेक्षा भाव थोडा जास्त वाटला तर घासाघीस करू नका. राबापासून कणगीपर्यंतचं काम वर लिहिलंच आहे. हातसडीचा तांदूळ लवकर किडतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत संपेल एवढाच न्या. नागली मात्र वर्षभराची घेतली तरी चालते, कोरड्या डब्यात ठेवली तर तिला सहसा कीड लागत नाही.